जाते मालकाचे, ओवी कोणाची?

करमणूक हा विषय राजकीय विचारात सहसा शेवटच्या पानावर ढकलला जातो. मजुरी, जमीन, धान्याचे भाव, शिक्षण हे प्रश्न निकडीचे आहेत. त्यांच्यापुढे संगणकावरील खेळांची चर्चा म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग, असे एखाद्या कार्यकर्त्याला वाटले तर त्यात नवल नाही. परंतु ज्या ठिकाणी जगभरची कोट्यवधी माणसे आपली फुरसत घालवतात, तेथे मालकी, श्रम आणि निर्मिती यांचे नाते कसे जुळवले जात आहे याकडे पाठ फिरवणे कोणत्याही समाजवादी चळवळीला परवडणारे नाही. कारखान्याचा मालक कामगाराच्या श्रमावर हक्क सांगतो तो निदान मजुरी देऊन. येथे माणसाच्या खेळण्यावर, त्याच्या कल्पनाशक्तीवरच हक्क सांगितला जात आहे, आणि तोही बहुधा त्याच्याच खिशातून किंमत वसूल केल्यानंतर.

प्रश्न मांडायला साधा आहे. खेळणाऱ्याने खेळात जे घडवले त्याचा कर्ता कोण? ज्याने खेळ रचला तो, ज्या कंपनीने तो विकला ती, की ज्याने तासन्‌तास बसून त्यातून एक घर, एक कुटुंब, एक गोष्ट उभी केली तो? मानवी जीवनाची नक्कल करणारे जे खेळ ‘लाइफ सिम्युलेशन’ या नावाने ओळखले जातात, त्यांच्याबाबत हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो. ‘द सिम्स’ हा अमेरिकन खेळ त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

जळालेल्या घरातून निघालेला खेळ

विल राइट या खेळरचनाकाराचा ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा खेळ १९८९ मध्ये मॅक्सिस या कंपनीने बाजारात आणला होता. १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर प्रचंड आग लागली व तीत राइट यांचे घर भस्मसात झाले. संसार नव्याने उभारताना माणसाला कोणत्या वस्तू खरोखर लागतात आणि का लागतात, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाच्या गृहरचनाविषयक विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. प्रथम कल्पना होती ती घर बांधण्याच्या खेळाची. पण घर चांगले की वाईट हे ठरवणार कोण? त्यासाठी घरात राहणारी माणसे हवीत, म्हणून माणसे आली. आणि हळूहळू घर मागे पडून माणसेच खेळाचा विषय झाली. मॅक्सिसच्या व्यवस्थापनाला या ‘बाहुलीघरा’विषयी फारसा उत्साह नव्हता. १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने मॅक्सिस विकत घेतली, फेब्रुवारी २००० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि २००२ पर्यंत तो संगणकावरील सर्वाधिक खपाचा खेळ ठरला.

या खेळात जिंकणे नाही, हरणे नाही. खेळणारा काही माणसे घडवतो, त्यांचे चेहरे, कपडे, स्वभाव ठरवतो आणि २०,००० ‘सिमोलियन’ एवढ्या काल्पनिक भांडवलावर त्यांना एका वसाहतीत वसवतो. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक माणसाला भूक, आराम, स्वच्छता, करमणूक, सहवास अशा एकूण आठ गरजा होत्या. गरजा भागवायच्या तर वस्तू हव्यात, वस्तूंसाठी पैसा हवा, पैशासाठी नोकरी हवी. महागड्या पलंगावर थकवा लवकर जातो, स्वस्त पलंगावर उशिरा. सकाळी दाराशी मोटार येते, माणूस तीत बसून कामावर जातो व दिवस संपता पैसे घेऊन परततो. मधल्या वेळात तो काय करतो, कोणाच्या हाताखाली राबतो, हे त्या पहिल्या आवृत्तीत दिसतच नसे. उपभोग पडद्यावर आणि उत्पादन पडद्याआड! अमेरिकन उपनगरांतील मध्यमवर्गाची जीवनदृष्टी इतक्या चोखपणे क्वचितच चितारली गेली असेल. यात आपल्याला उपहास अभिप्रेत होता, असे राइट यांनी सांगितले आहे. तथापि उपहास करणारी यादी आणि विक्री करणारी यादी या दोहोंतला फरक गिऱ्हाइकाला दरवेळी कळतोच असे नाही.

सूत्र कंपनीचे, गोष्ट खेळणाऱ्याची

म्हणून एखादा कडवा टीकाकार म्हणेल की हा खेळ म्हणजे उपभोगवादाची शाळा आहे आणि खेळणारा तिचा आज्ञाधारक विद्यार्थी. ही टीका अर्धीच खरी आहे. शाळेतल्या मुलांनी पाटीवर काय काढले हे तिने पाहिलेले नाही.

या खेळातील माणसे ‘सिम्लिश’ नावाची भाषा बोलतात. दोन नटांनी उत्स्फूर्तपणे काढलेल्या ध्वनींतून ती तयार झाली आणि तिला शब्दार्थ नाही. स्वर आहेत, राग-लोभ आहेत, पण वाक्य नाही. वाक्य खेळणाऱ्याने मनात घालायचे. म्हणजे रचनाकाराने जाणूनबुजून एक जागा मोकळी ठेवली आणि खेळणाऱ्यांनी ती भरून काढली. पहिल्या आवृत्तीतच घरातील प्रसंगांची चित्रे टिपून त्यांखाली मजकूर लिहिण्याची सोय होती. ती बहुधा कौटुंबिक छायाचित्रांच्या वहीसारखी कल्पिलेली असावी. खेळणाऱ्यांनी तिचे कादंबरीत रूपांतर केले. कोणी संसारातील छळ मांडला, कोणी मोडलेले लग्न, कोणी पिढ्यान्‌पिढ्यांची घराणी.

२००९ मध्ये तिसऱ्या आवृत्तीचा आधार घेऊन इंग्लंडमध्ये खेळरचनेचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुण व्यक्तीने ‘अ‍ॅलिस अँड केव्ह’ ही चित्रकथा केली. घर बांधण्याच्या या खेळात तिने बाप आणि मुलगी यांना बेघर ठेवले. एका मोकळ्या जागेवर बाकडी मांडली आणि बाकी काही दिले नाही. बाप रागीट व बिथरलेला, मुलगी दयाळू पण स्वतःला कमी लेखणारी. मुलगी दुसऱ्यांच्या घरी जाऊन मिळेल ते खाते, मिळेल तेथे निजते, शाळेत पेंगते. पुढे तिला छोटी नोकरी लागते, पहिला पगार हाती येतो आणि तो सारा दानधर्माला द्यावा अशी इच्छा तिच्या मनात उमटते. ही इच्छा कथाकाराने योजलेली नव्हती. स्वभावगुणांवरून इच्छा सुचवणाऱ्या खेळाच्या यंत्रणेतून ती वर आली होती. पण ती आकड्यांच्या गर्दीत वाहून जाऊ न देता तिच्यात एका निर्धन मुलीचे मोठेपण पाहणे, ती पुरी होऊ देणे आणि ते लोकांसमोर मांडणे, हे काम यंत्रणेने केलेले नाही, कंपनीने तर नाहीच नाही. असंख्य वाचकांना त्या दोन बाहुल्यांमुळे रस्त्यावरच्या माणसांचा विचार करावासा वाटला. वस्तूंच्या यादीवर उभ्या असलेल्या खेळातून वस्तुहीनांची गोष्ट निघाली, यापेक्षा कर्तेपणाचा अधिक स्पष्ट पुरावा कोणता हवा?

यावर एक आक्षेप घेतला जातो. खेळणारा जे काही करतो ते रचनाकाराने आधीच शक्य करून ठेवलेले असते. तो फक्त निवड करतो, निर्माण करत नाही. हा आक्षेप वरवर तर्कशुद्ध वाटतो. पण तो मान्य केला तर बाराखडी घडवणाऱ्यालाच सर्व ग्रंथांचा लेखक म्हणावे लागेल. भातुकलीची बोळकी कुंभाराने घडवलेली असतात. त्यांतून कोणता संसार मांडायचा, कोणाला जेवू घालायचे आणि कोणाला उपाशी उठवायचे, हे मांडणारी ठरवते. कुंभाराचे कौशल्य यामुळे कमी होत नाही. तो बोळक्यांचा कर्ता आहे, संसाराचा नव्हे. संगणकाच्या खेळात मात्र एक फरक आहे आणि तो मोठा आहे. येथे बोळकी विकल्यावर दुकानदार निघून जात नाही, तो घरातच मुक्काम ठोकतो.

हौस आणि श्रम

खेळणाऱ्यांची निर्मिती गोष्टींपुरती थांबली नाही. मूळ खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीच मॅक्सिसने कपडे, भिंतींचे कागद, घरे तयार करण्याची काही साधने लोकांना मोफत दिली होती. धोरण शहाणपणाचे होते. लोकांनी हजारो वस्तू घडवल्या आणि एकमेकांना दिल्या. पुढे ‘मॉड’ नावाचा प्रकार वाढला. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांपैकीच कोणी जाणकाराने मूळ खेळात फेरफार करण्यासाठी लिहिलेला जोडभाग. कोणी खेळातील दोष दुरुस्त केले, कोणी नव्या नोकऱ्या, नवी नाती, कंपनीने न दिलेली केशरचना किंवा त्वचेची छटा आणली. या कारागिरांत स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे काय घडते ते पाहावे. २०१४ मध्ये आलेली चौथी आवृत्ती दहा वर्षांनंतरही खेळली जात होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने मूळ खेळ फुकट केला आणि उत्पन्नाचा भार विकतच्या पुरवण्यांवर टाकला. इतकी वर्षे मागणी टिकून राहते, त्यात कंपनीच्या पगारी कामगारांचा वाटा आहेच; परंतु खेळणाऱ्यांनी फुकट भरलेल्या त्या अफाट कोठाराचाही आहे. या कोठाराचा खर्च कंपनीच्या ताळेबंदात नाही, त्याचा लाभ मात्र आहे. ‘पण हे लोक हौसेने करतात, त्यांना कोणी भाग पाडले?’ असे विचारले जाते. हाच प्रश्न घरकामाबाबतही विचारला जात असे. प्रेमाने केलेले काम हे काम नव्हे, ही पुरुषी समाजाची जुनी खोड. तिचाच हा नवा अवतार आहे. हौस ही श्रम करण्याची प्रेरणा असू शकते, श्रम फुकट घेण्याचे समर्थन ती होत नाही.

पगारी कामगारांचेही सारे सुखाचे नव्हते, हे येथेच नोंदवले पाहिजे. याच इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने नोव्हेंबर २००४ मध्ये लिहिलेले निनावी पत्र गाजले. ज्यादा कामाचा मोबदला न देता आठवडेच्या आठवडे राबवून घेतले जाते, ही त्यातील तक्रार होती. ज्यादा कामाच्या वेतनासाठी झालेल्या सामूहिक दाव्यांत कंपनीने चित्रकारांना १.५६ कोटी डॉलर आणि प्रोग्रामरांना १.४९ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कंपनीतला कामगार आणि कंपनीबाहेरचा हौशी कारागीर यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत असे भासवले जाते. वस्तुतः दोघांच्याही निर्मितीवर एकाच मालकाची मोहोर उमटते.

२०२२ च्या जुलैमध्ये कंपनीने मॉडविषयीचे नियम स्पष्ट केले. मॉड विकता येणार नाहीत, ते सर्वांना मोफत मिळाले पाहिजेत. जाहिराती आणि देणग्या यांतून खर्च भरून काढता येईल. कारागिरांत खळबळ उडाल्यावर ऑगस्टमध्ये थोडी सवलत देण्यात आली. वर्गणीदारांना मॉड काही काळ आधी देता येईल, पण तो काळ ‘वाजवी’ असावा. या नियमात एक बाजू न्याय्य आहे, हे मान्य केले पाहिजे. सर्वांनी मिळून वाढवलेल्या कुरणाला काही कारागिरांनी खाजगी कुंपणे घालू नयेत, हे योग्यच. पण कुंपण घालू नका असे बजावणारा स्वतः त्या कुरणाभोवतीच्या सर्व वेशींवर जकात घेत असेल, तर त्याला सामुदायिक मालकीचा पुरस्कर्ता कसे म्हणावे? खेळणाऱ्याने कंपनीच्या व्यवस्थेत ठेवलेली निर्मिती वापरण्याचा कायमचा, जगभरचा, हस्तांतरणीय परवाना कंपनी करारानेच घेऊन ठेवते, मोबदल्याविना. देवाणघेवाणीचे तत्त्व खेळणाऱ्याला लागू आहे, मालकाला नाही.

जमीनदार आणि कूळ

दुसरा मार्ग होता काय? होता, आणि तो चोखाळूनही पाहिला गेला. लिंडन लॅब या अमेरिकन कंपनीने २००३ मध्ये ‘सेकंड लाइफ’ हे कृत्रिम जग सुरू केले व त्याच वर्षी जाहीर केले की येथे रहिवाशांनी जे घडवले त्यावरील बौद्धिक हक्क रहिवाशांचेच राहतील. ही मोठीच गोष्ट होती. परंतु वस्तूंवर हक्क मिळाला तरी त्या ज्या जमिनीवर उभ्या, ती कंपनीच्या यंत्रांत होती. २००६ मध्ये एका वकिलावर लिलावातील पळवाटेचा गैरफायदा घेतल्याचा आरोप ठेवून कंपनीने त्याचे खातेच बंद केले, आणि खात्याबरोबर त्याची सारी काल्पनिक मालमत्ता गेली. प्रकरण न्यायालयात गेले. वाद लवादाकडेच नेला पाहिजे हे करारातील एकतर्फी कलम न्यायालयाने २००७ मध्ये अन्याय्य ठरवले आणि पुढे तडजोड झाली. त्या गृहस्थाची बाजू कितपत स्वच्छ होती हा मुद्दा निराळा. जमीनदाराच्या मर्जीवर कुळाचे बिऱ्हाड असते, हा धडा मात्र सर्वांसाठी होता.

‘द सिम्स’च्या कुटुंबातही हे घडले आहे. डिसेंबर २००२ मध्ये ‘द सिम्स ऑनलाइन’ सुरू झाला. अनेक माणसांनी एकाच जगात, एकाच वेळी राहण्याचा हा प्रयोग होता. लोकांनी तेथे घरे बांधली, धंदे काढले, मैत्री केली. अपेक्षित नफा झाला नाही. २००८ मध्ये त्याचे नाव बदलून ‘ईए-लँड’ करण्यात आले आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला ते जग बंद केले गेले. घरे पाडण्यासाठी बुलडोझर लागला नाही, यंत्र बंद करणे पुरले. पुढे काही हौशी प्रोग्रामरांनी त्या जगाची पुनर्रचना केली, पण जुन्या रहिवाशांची मूळ घरे गेली ती गेलीच.

मर्जीचा दुसरा प्रकार राजकीय आहे. निंटेंडो या जपानी कंपनीच्या ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या खेळात प्रत्येकाला एक बेट मिळते आणि स्वतःची नक्षी काढण्याची सोय असते. मार्च २०२० मध्ये तो आला तेव्हा महामारीने रस्ते ओस पाडले होते. हाँगकाँगच्या लोकशाहीवादी तरुणांनी आपल्या बेटांवर निषेधाचे फलक उभारले. एप्रिलमध्ये चीनमधील विक्री-संकेतस्थळांवरून तो खेळ दिसेनासा झाला. अमेरिकेत त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या प्रचाराचेही बेट निघाले. नोव्हेंबर २०२० मध्ये निंटेंडोने संस्था व कंपन्यांसाठी नियम जाहीर केले, त्यांत खेळात राजकारण आणू नये अशी सूचना होती. सामान्य खेळणाऱ्याला तो नियम उद्देशून नव्हता, हे खरे. पण कार्यकर्त्यांना हे वेगळे सांगायला नको की ‘येथे राजकारण नको’ ही पाटी नेहमी जागेच्या मालकानेच लावलेली असते.

मालक बदलतो तेव्हा

सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी सुमारे ५५ अब्ज डॉलरना विकण्याचा करार जाहीर झाला. खरेदीदारांत सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी आणि दोन अमेरिकन गुंतवणूक संस्था होत्या. या रकमेपैकी २० अब्ज डॉलर कर्जाऊ उभारायचे ठरले. अशा सौद्यात कर्ज फेडण्याचे ओझे विकत घेतलेल्या कंपनीच्याच उत्पन्नावर पडते, हे अर्थव्यवहाराच्या प्राथमिक विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. उत्पन्न वाढवण्याचे मार्ग दोनच : कामगारांवरील खर्च कमी करणे आणि खेळणाऱ्यांकडून अधिक काढणे. समलिंगी जोडप्यांना पहिल्या आवृत्तीपासून संसार मांडू देणारा हा खेळ, असे संबंध गुन्हा मानणाऱ्या राजवटीच्या निधीकडे जाणार, या बातमीने अनेक खेळणारे अस्वस्थ झाले आणि काही नामवंत कारागिरांनी कंपनीशी असलेला सहकार्याचा संबंध तोडला. पंचवीस वर्षे ज्यांनी हे जग भरले, त्यांना या सौद्यात मत नव्हते. भागधारकांना होते.

कर्ता आणि मालक एकच असावा लागतो असे नाही, ही गोष्ट कायद्यालाही अपरिचित नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ सांगते की कलाकृतीचे हक्क दुसऱ्याकडे गेले तरी कर्त्याचे काही विशेष हक्क उरतात. अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवले. शिल्प सरकारचे होते, तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पकाराचा हक्क मानला आणि भरपाईसह शिल्प परत देण्याचा आदेश दिला. जे ब्रॉन्झच्या शिल्पाला लागू होऊ शकते ते पडद्यावरील निर्मितीला तत्त्वतः का लागू होऊ नये?

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा येथे जशीच्या तशी आणता येणार नाही. खेळ रचायला भांडवल लागते, शेकडो कुशल हात लागतात, आणि त्यांचा हक्क बुडवून खेळणाऱ्याला सारे द्यावे असे कोणी म्हणणार नाही. पण तीन मागण्या निश्चितपणे करता येतात. पहिली, खेळणाऱ्याने जे स्वतः घडवले त्याचे कर्तेपण त्याच्या नावावर राहिले पाहिजे. कंपनीने ते पैसे मिळवण्यासाठी वापरले तर मोबदला दिला पाहिजे. दुसरी, ती निर्मिती खेळणाऱ्याला बाहेर काढून नेता आली पाहिजे. तिसरी, जग बंद करायचे असेल तर ते रहिवाशांना चालवता येईल अशा स्थितीत सोडावे. ही तिसरी मागणी कल्पनाविलास नव्हे. मार्च २०२४ मध्ये युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ हा मोटार-शर्यतीचा खेळ बंद केल्यावर युरोपात विकत घेतलेले खेळ नष्ट करण्याविरुद्ध नागरिकांचे निवेदन निघाले. जुलै २०२५ पर्यंत त्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. संघटित न झालेला ग्राहकही संघटित होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईच्या ओवीत तिचे माहेर, तिचा भाऊ, तिचे दुःख असे. जाते कधी तिच्या सासरचे असे, कधी मोठ्या वाड्यातले, आणि दळण तर बहुधा दुसऱ्याचेच. तरी जात्याच्या धन्याने ओवीवर हक्क सांगितल्याचे ऐकिवात नाही. आज जाते संगणकाचे झाले आहे आणि धनी ओवीही मागू लागला आहे. त्याला ती द्यायची की नाही, हा प्रश्न करमणुकीच्या पानावरचा नाही. श्रमाच्या आणि मालकीच्या प्रश्नांच्या पंक्तीतच त्याची जागा आहे.